हजेरीपट आणि न्याय

महाविद्यालयाचा हजेरीपट वरवर पाहता मोठा निःपक्षपाती असतो. तो गरीब-श्रीमंत पाहत नाही, जात विचारीत नाही. बहुतेक विद्यापीठांत परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरीची अट असते आणि ती सर्वांना सारखीच लागू होते. परंतु सर्वांना सारखा लागू होणारा नियम न्याय्यच असतो काय? हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यात ताडकळस हे गाव आहे. तेथून रोज एस.टी.ने परभणीच्या महाविद्यालयात जाणारी एखादी विद्यार्थिनी आपण डोळ्यांपुढे आणू. तिला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात विकार आहे. या विकारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत असह्य कळा उठतात. थंडी, अतिश्रम, ताप, शरीरातील पाणी कमी होणे, काहीही निमित्त पुरते. चार दिवस ती अंथरुणावर असते आणि पाचव्या दिवशी मैत्रिणींसोबत हसत वर्गात येते. पाहणाऱ्यास वाटते, हिला झाले तरी काय! कुबडी दिसते, वेदना दिसत नाही. वर्षअखेरीस तिची हजेरी कमी भरते, प्रात्यक्षिकाची वही मुदतीनंतर पोहोचते आणि अभ्यास येत असूनही ती परीक्षेबाहेर राहते.

बेथेस्दाच्या तळ्याकाठी पडलेला, ३८ वर्षे आजारी असलेला रुग्ण येथे आठवतो. पाणी हलले की जो प्रथम उतरेल तो बरा होई. नियम सर्वांना एकच होता. मात्र ज्याला चालता येत नव्हते त्याच्या आधी दरवेळी दुसराच कोणीतरी उतरे.

शिस्तीचे मोल आम्ही कमी लेखत नाही. सेमिनरीत घंटा म्हणजे देवाची हाक, असे आमच्या मनावर बिंबवले गेले. घंटा झाली की अर्धे वाक्य तसेच टाकून उठायचे. त्या शिस्तीने आम्हांला घडविले. म्हणून प्राध्यापकांची शंका आम्हांला समजते. एकीला सूट दिली तर उद्या दहाजण दाखले घेऊन उभे राहतील. आणि जो अंगात ताप असतानाही वर्गात बसला, त्याच्यावर अन्याय होणार नाही काय?

ॲरिस्टॉटलने या प्रश्नाचा विचार करताना लेस्बॉस बेटावरील गवंड्यांचा दाखला दिला आहे. ते शिशाची पट्टी वापरीत. ती दगडाच्या आकाराप्रमाणे वाके, म्हणून ओबडधोबड दगडाचेही माप तिने नीट घेता येई. पट्टी वाकते ती माप चुकविण्यासाठी नव्हे, माप खरे यावे म्हणून. हजेरीची अट विद्या पदरी पडावी यासाठी आहे. विद्या पदरी पडली असेल, तर तिच्याकडे जाणारी वाट थोडी वाकडी झाली म्हणून बिघडत नाही.

आपल्या देशाच्या कायद्यानेही ही दृष्टी स्वीकारली आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यात सिकलसेलसह २१ प्रकार आहेत. गरजेनुसार वाजवी सोय करून देणे हे त्याचे तत्त्व आहे. मात्र त्या सोयीचा भार संस्थेला न पेलणारा नसावा. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीला लेखनिक मिळण्याचा हक्क मान्य केला. त्याचे अपंगत्व ४० टक्क्यांच्या मर्यादेत बसत नाही, ही सबब न्यायालयाने स्वीकारली नाही. तथापि या कायद्याचे १७ वे कलम परीक्षेतील जादा वेळ आणि लेखनिक यांचा नावाने उल्लेख करते. हजेरी आणि वह्यांची मुदत यांचा तसा उल्लेख तेथे नाही. परीक्षेचे तीन तास कायद्याने सांभाळले. वर्षाचे उरलेले दिवस शिक्षकाच्या विवेकावर सोपविले आहेत.

त्या विवेकालाही मर्यादा हव्यात. परिचर्या शिकणारीने रुग्णाजवळ उभे राहिलेच पाहिजे. तेथे दिवस बदलून देता येईल, काम माफ करता येणार नाही. उत्तीर्ण होण्याची कसोटी सर्वांना एकच असावी. आणि सोय काय मिळणार ते वर्षारंभीच लेखी ठरावे. नाहीतर कळ आली की दरवेळी नव्याने हात जोडावे लागतात, आणि जो हक्क होता त्याची भीक होते.

हे लिहिताना आमचा स्वतःचा एक हजेरीपट आठवतो. पुष्कळ वर्षांपूर्वी, धर्मशिक्षण वर्गातील गैरहजेरीमुळे आम्ही एका मुलाला दृढीकरण संस्कारासाठी एक वर्ष थांबविले. त्याला फिट्स येत आणि घरच्यांनी लाजेपोटी ते लपविले होते, हे आम्हांला नंतर कळले. त्यांनी लपविले हे खरे. पण आम्ही विचारले नाही, हेही तितकेच खरे. फुली मारणे सोपे होते. त्याच्या घराचा उंबरा मात्र वर्गापासून पाच मिनिटांच्या अंतरावर होता.