ओल आलेली भिंत आणि गायतोंडे

"तुझ्या गॅलरीत चाळीस पोरं आणि पाऊण तास. त्यातली दहा मिनिटं एकाच चित्रासमोर घालवायची म्हणतेस?" सर म्हणाले. "आणि चित्र कुणाचं, तर गायतोंड्यांचं अमूर्त. आठवीच्या पोरांना!"

"मग काय करू? वीस चित्रांसमोरून परेड काढू? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये लोक एकेका चित्रासमोर किती वेळ थांबतात ते मोजलं होतं, 2001 मध्ये छापून आलंय. निम्म्या वेळा लोकांनी 17 सेकंदांच्या आत काढता पाय घेतला. त्या चित्रांत रेम्ब्रांटही होता."

"रेम्ब्रांटचं निदान 17 सेकंदांत काहीतरी हाती लागतं. दाढी, टोपी, हात. गायतोंड्यांचं काय लागणार? बहुतेक चित्रांना नाव नाही, सही कॅनव्हासच्या मागे."

"म्हणून तर डोळ्याला थांबावं लागतं, सर. धरायला काही नसतं."

"किंवा पळावं लागतं."

सरांनी जे.जे.तून बाहेर पडल्यावर उमेदीची सगळी वर्षं शाळेत घालवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांकडून पितळी तांब्या आणि वांगी काढून घेतली. अमूर्तावर त्यांचा राग नाही, शंका आहे. रागावलेल्या माणसाशी वाद घालणं सोपं असतं, असं माझं मत आहे.

"ही भिंत बघ," ते म्हणाले.

त्यांच्या खोलीतली पश्चिमेची भिंत. चार पावसाळे तिच्यात पाणी मुरलंय. डिस्टेंपरचे पोपडे सुटलेत, त्याखालून जुना निळसर चुना डोकावतो, कडेकडेने खाराचा पांढरा फुलोरा आलाय. छताजवळ तपकिरी डाग, आणि त्याची कड खाली येता येता इतकी विरळ होते की डाग नेमका कुठे संपला ते बोट ठेवून सांगता येत नाही.

"हिच्याकडे दहा मिनिटं बघ. चित्रातून मिळेल त्याहून कमी मिळेल का? लिओनार्दोसुद्धा डागाळलेल्या भिंती बघायला सांगायचा; त्यात डोंगर दिसतात, लढाया दिसतात म्हणून. आता मला सांग, श्रेय कुणाचं? बघणाऱ्याचं असेल, तर चित्रकार हवा कशाला? चित्राचं असेल, तर 'हळू बघा' असं वर सांगायची वेळ का येते?"

मी जरा गप्प झाले. मग म्हटलं, "भिंतीत तुम्हाला उंट दिसेल, मला आजी. चित्रात असं काहीतरी असतं, जे दोघांनाही दिसतं पण उशिरा. ॲड राइनहार्टची काळी चित्रं घ्या. गायतोंडे 1964 मध्ये रॉकफेलरच्या पाठ्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, तेव्हा तो तिथेच ती रंगवत होता. पाच फूट बाय पाच फूट, नुसता काळा चौरस. मात्र काही मिनिटं थांबलं की काळ्यातच नऊ चौकोन वेगळे होतात. एक तांबूस काळा, एक निळसर, एक हिरवट. मधोमध क्रूस उभा राहतो. तो कल्पनेतला नाही, रंगातच आहे. घाई करणाऱ्याला तो मिळत नाही, एवढंच."

"छान कोडं आहे. क्रूस सापडला की सुटलं. गायतोंड्यांच्यात कुठला क्रूस?"

"त्यांच्यात उलटं होतं. साठच्या दशकातली काही चित्रं घ्या. पहिल्या मिनिटाला वाटतं, अरे, हा तर समुद्र, ही क्षितिजाची रेघ. लोक तिथेच खूश होऊन पुढे जातात. तुमच्या भिंतीवर उंट सापडावा तसं. पण उभं राहिलं तर थोड्या वेळाने तो समुद्र टिकत नाही. रेघ म्हणजे चाकूने रंग ओढून काढलेला पट्टा असतो, त्याच्या कडेला रंग साचून जाडसर झालेला असतो, आणि खालचा आधीचा थर त्यातून वर येत असतो. रोलरने पातळ रंग चढवायचा, चाकूने काढायचा, पुढच्या काळात तर फाडलेले कागद रंगात दाबून उचलायचे. वर्षाकाठी मोजकीच चित्रं. बाकीचा वेळ विचारात."

"भिंतीवरही थर आहेत."

"पण भिंत थांबत नाही, सर. पुढच्या पावसात डाग आणखी खाली येईल. चित्रात कुणीतरी एका जागी ठरवलंय, बास."

"ते तुला दिसतं, की माहीत आहे म्हणून दिसल्यासारखं वाटतं?" सर आता सरसावून बसले. "2013 मध्ये ख्रिस्टीजच्या मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र 23 कोटींच्या वर गेलं. माणूस दिल्लीत निजामुद्दीनच्या बरसातीत, गच्चीवरच्या एका खोलीत राहिला, ते वेगळंच. आता तो आकडा ऐकून लोक हात मागे बांधून उभे राहतात. तेही हळू बघणंच. याला बघणं म्हणू की देवदर्शन?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उलट आमच्या गॅलरीतला सुरक्षारक्षक आठवला आणि मी सरांच्याच बाजूने साक्ष दिली. तो आमच्याकडच्या गायतोंड्यांच्या चित्रासमोर रोज आठ तास असतो. काय दिसतं, असं मी त्याला विचारलं होतं. "मॅडम, मी चित्र कुठे बघतो, मी लोक बघतो," तो म्हणाला. कामच ते.

"म्हणजे नुसत्या वेळाने भागत नाही," सर म्हणाले. "आकडा ऐकून उभा राहिलेला एक आणि पगारासाठी उभा राहिलेला एक. मग पोरांना दहा मिनिटं उभं करून काय साधणार?"

"आकडा सांगणार नाही. नावाची पट्टी झाकणार. आणि 'काय दिसलं?' असं विचारणार नाही, नाहीतर चाळीस उंट येतील."

"मग विचारणार काय?"

"चित्रकाराचा शेवटचा हात कुठे फिरला असेल, ते शोधा."

सर बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. माझ्या प्रश्नाची परीक्षा ते तिच्यावर घेत होते, हे उघड होतं. "हिच्यावर शेवटचा हात पाण्याचा," ते पुटपुटले, "आणि तो अजून फिरतोच आहे." मग माझ्याकडे वळले. "पोरांनी चुकीची जागा दाखवली तर?"

"तर विचारीन, का वाटलं?"

"बरोबर जागा तुला ठाऊक आहे?"

"नाही."

"मग ठीक. ठाऊक असती तर तू त्यांना तिथेच हाकत नेलं असतंस. पण दहा मिनिटं नको, सहा ठेव. सातव्या मिनिटाला मागच्या रांगेतली पोरं एकमेकांना कोपरं मारायला लागतात. बाकी चित्रकला बदलली असेल, हे बदललेलं नाही."