फांदी, चंद्र आणि मधला काळ

डोळा आपल्या विषयापर्यंत जाऊन त्याला गाठतो, की विषय दूर असतानाही त्याला जागच्या जागी त्याचे ज्ञान होते, हा वाद भारतीय दर्शनांत कित्येक शतके चालला. आणि आज विद्युत्-उपकरणांची हौस असलेला कोणीही विद्यार्थी आपल्या मेजावर जे लेसर-अंतरमापक जुळवू शकतो, त्याने त्या वादातील एका मुद्द्याचा निकाल लावता येतो, ही गोष्ट मला तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने फार मोलाची वाटते.

न्यायमताप्रमाणे चक्षुरिंद्रिय तैजस आहे. त्यातून निघालेला किरण पदार्थाला भिडतो, म्हणून चक्षू प्राप्यकारी. आणि रात्री मांजरासारख्या निशाचरांच्या डोळ्यांत चमकणारे तेज हा त्याचा दाखला. (ते तेज त्या डोळ्यांचे स्वतःचे नसून बाहेरून पडलेला प्रकाशच तेथून परततो, हे आज आपण जाणतो.) बौद्ध तार्किकांनी यावर घेतलेली हरकत मार्मिक होती. किरण खरोखर प्रवास करीत असेल, तर जवळची फांदी आधी आणि तिच्यामागचा चंद्र पुष्कळ नंतर दिसावयास हवा. प्रत्यक्षात डोळे उघडताच दोन्ही एकदमच दिसतात. नैयायिकांनी उत्तर दिले की क्रम आहेच, परंतु तो अतिसूक्ष्म असल्यामुळे ध्यानात येत नाही; एकावर एक रचलेल्या शंभर कमलपत्रांतून सुई आरपार गेली, तर ती सारी एकाच क्षणी भेदली गेल्याचा भास होतो, तसेच हे. प्रतिपक्षाला ही पळवाट वाटली असेल, तर त्याला दोष देता येणार नाही. कारण प्रकाशाला काळ लागतो याचा पहिला भक्कम पुरावा खगोलशास्त्रज्ञ रोमरला गुरूच्या उपग्रहाच्या ग्रहणांवरून मिळाला, तो थेट १६७६ साली.

आता ते यंत्र पाहू. लेसर-डायोडमधून ९०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, मानवी नेत्राला अदृश्य असा, काही नॅनोसेकंदांचा झोत निघतो आणि त्याच क्षणी कालमापन सुरू होते. दूरच्या भिंतीवर आपटून विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश भिंगातून प्रकाशग्राहक डायोडवर पडला, की ते थांबते. मधल्या काळाला प्रकाशवेगाने गुणून निम्मे केले की अंतर मिळते. एक मीटरच्या जाण्यायेण्यास सुमारे ६.७ नॅनोसेकंद लागतात. १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या साध्या मायक्रोकंट्रोलरचा एक ठोका ६२.५ नॅनोसेकंदांचा असतो, आणि तेवढ्यात प्रकाश ९ मीटरांहून अधिक अंतर जाऊन परत येतो. म्हणजे त्या बिचाऱ्या घड्याळाला चार मीटरांवरची फांदी आणि आठ मीटरांवरचे खोड बहुधा एककालीनच वाटावयाचे. त्याच्या जोडीला ५५ पिकोसेकंदांपर्यंत काळ वेगळा करणारी टीडीसी ७२०० सारखी चिप बसवावी, की तीच फांदी आणि तेच खोड आगेमागे झालेले दिसतात. पदार्थांत काहीच बदलले नाही. बदलले ते पाहणाराचे माप. ‘एकदम दिसले’ ही साक्ष वस्तूंविषयी नसून साक्षीदाराच्या कुवतीविषयी असते, हे येथे निर्विवाद सिद्ध होते, आणि बौद्धांच्या हरकतीतील मुख्य आधारच निखळतो.

मात्र यावरून नैयायिकांचा संपूर्ण विजय झाला असे कोणी समजू नये. डोळ्यातून किरण निघत नाही, यंत्रातून निघतो. शिवाय यंत्राला जे लाभते ते प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे. त्याच्या पदरात पडतो तो केवळ एक विद्युत्स्पंद. भिंत त्याने पाहिलेली नसते. अनुमानाचा आधार असलेला हा स्पंदरूपी हेतू सव्यभिचार, म्हणजे साध्याला सोडून भलतीकडेही नेणारा, ठरण्याचे प्रसंगही पदोपदी येतात. एकाच जागी चुन्याची पांढरी भिंत आणि काळे कापड आळीपाळीने धरावे, आणि दुरुस्तीची तजवीज केलेली नसेल, तर पांढरी भिंत काकणभर जवळ आल्याची नोंद होते, कारण तिच्याकडून परतलेला सबळ स्पंद ठरावीक मर्यादा लवकर ओलांडतो. मध्ये काच असेल, तर कधी काचेचेच अंतर हाती येते. काच, अभ्रक आणि स्फटिक यांच्या आडची वस्तू दिसते कशी, हा प्रश्न न्यायसूत्रांतही चर्चिलेला आहे. म्हणून हे यंत्र जुळवताना होणारी त्रेधा मला त्या जुन्या पूर्वपक्षाची सख्खी नातेवाईक वाटते. सूत्रकारांना जी दक्षता हेत्वाभासांविषयी, म्हणजे फसव्या हेतूंविषयी, अभिप्रेत होती, तीच येथे तारा जोडणाराला अक्षरशः पाळावी लागते.

राहिला चंद्र. १९६९ च्या जुलैत अपोलो ११ च्या यात्रिकांनी तेथे परावर्तक ठेवला, आणि त्याच वर्षी पृथ्वीवरून सोडलेला लेसर-किरण त्यावरून परतला. त्या जाण्यायेण्यास सुमारे अडीच सेकंद लागतात. फांदी आणि चंद्र यांमधील क्रम आता सूक्ष्मही राहिलेला नाही, तो हाताच्या नाडीवर मोजता येईल एवढा स्थूल आहे. किरणाच्या उगमाविषयी नैयायिक चुकले, क्रमाविषयी ते बरोबर होते. आणि आपल्या महाविद्यालयांतून जे दर्शनशास्त्र शिकवितात, त्यांनी प्राप्यकारित्वाचा धडा देताना पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतून हे यंत्र एकवार वर्गात मागवून घ्यावे, एवढी माझी त्यांना विनंती आहे.