हळू आवाजातील प्रार्थना



येत्या रविवारी आपण प्रभूच्या पवित्र शरीराचा व रक्ताचा सण साजरा करणार आहोत. त्याची तयारी म्हणून आज एका लहानशा लॅटिन गीताकडे वळू या. गीताचे नाव आहे 'आवे वेरूम कॉर्पुस', म्हणजे प्रभूच्या खऱ्या शरीराला वंदन. मध्ययुगात मिस्सामध्ये पवित्र भाकर उंच धरली जात असता ते गायले जाई. मोझार्टने १७ जून १७९१ रोजी त्याला नवी चाल दिली. ऑस्ट्रियातील बाडेन येथील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख आंतोन श्टोल यांच्यासाठी, याच सणाच्या निमित्ताने, ती लिहिली गेली. राजदरबारासाठी नव्हे, एका धर्मग्रामाच्या गायकवृंदासाठी! सारे गीत अवघ्या ४६ बारचे. साथीला थोडी तंतुवाद्ये आणि ऑर्गन.

या गीताची अनेक ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. ती ऐकताना तीन गोष्टींकडे लक्ष देऊ या.

पहिली गोष्ट लय. ती संथ आहे. बहुतेक ध्वनिमुद्रणांत हे गीत तीन-साडेतीन मिनिटांत संपते. लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी एप्रिल १९९० मध्ये बव्हेरियातील वाल्डसासेनच्या चर्चमध्ये ते ध्वनिमुद्रित केले, तेव्हा लय आणखी विलंबित ठेवली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले. लय संथ असली की प्रत्येक शब्दाला मनात उतरायला वेळ मिळतो. कम्युनियन घेऊन जागेवर परतताना आपले मन कोणत्या लयीत असते? घरचे जेवण, दुपारचे पाहुणे, बाहेर लावलेली गाडी! प्रभू आत आला आणि यजमान मात्र दारातून बाहेर पडला, असे तर होत नाही ना?

दुसरी गोष्ट स्वरांची पट्टी. गीतात क्रूसावरील यातनांचे, भाल्याने भोसकलेल्या कुशीचे वर्णन आहे. अशा शब्दांना कोणी रडवे सूर दिले असते. मोझार्टने डी मेजर ही उजळ पट्टी निवडली. कुशीतून वाहणाऱ्या पाण्याचा व रक्ताचा उल्लेख येतो, तेथे मात्र सूर ओळखीची वाट सोडतात. थोडी सावली पडते, आणि मग ते मूळ पट्टीत परततात. योहानाच्या शुभवर्तमानातील तो प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. प्रभूची जखम ही कृपेचा झरा आहे, अशी ख्रिस्तसभेची श्रद्धा आहे. म्हणून मिस्सामध्ये आपण त्याच्या मरणाचे स्मरण करतो, पण सुतकी चेहऱ्याने नव्हे.

तिसरी गोष्ट भाव. मोझार्टने आरंभी एक सूचना लिहून ठेवली आहे, 'सोत्तो व्होचे'. म्हणजे दबक्या, हळू आवाजात. गायकांनी आवाज दाखवायचा नाही, वेदीवर जो आहे त्याच्यापुढे नमायचे. आपल्याकडे कधी कधी कीबोर्डचा ठेका आणि लाऊडस्पीकर इतके पुढे येतात की प्रार्थना मागे राहते. गायकवृंदातील तरुण-तरुणी किती कष्ट घेतात, हे आपण जाणतो. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की कम्युनियननंतरची शांतता हीदेखील उपासनाच आहे.

गीताच्या अखेरीस एक विनंती आहे: मरणाच्या परीक्षेत या भोजनाची गोडी आम्हांला आधीच चाखायला मिळो. येथे स्त्रियांचे आवाज पुढे होतात आणि पुरुषांचे आवाज त्यांच्या पावलावर पाऊल ठेवून येतात. मग मरणाविषयीचे ते शब्द पुन्हा येतात, सूर लांबत जातात, पण कोठेही आक्रोश नाही. ही चाल लिहिल्यानंतर सहा महिने पुरे होण्याआधीच, ५ डिसेंबर १७९१ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी मोझार्टचे निधन झाले.

आजारी माणसाला दिल्या जाणाऱ्या शेवटच्या कम्युनियनला ख्रिस्तसभा प्रवासाची शिदोरी मानते. आपल्या धर्मग्रामातही कित्येक वृद्ध व आजारी माणसे अंथरुणावरून या शिदोरीची वाट पाहत असतात. त्यांची नावे धर्मगुरूंना वेळीच कळवू या. धर्मगुरू पवित्र साक्रामेंत घेऊन घरी येतील, तेव्हा टीव्ही बंद करू या, मेणबत्ती लावू या आणि सर्वांनी मिळून गुडघे टेकू या. एकाने प्रार्थना सुरू करावी, इतरांनी हळू आवाजात तिला साथ द्यावी.

हे प्रभू, तुझ्या भोजनाला आम्ही सावकाश, आनंदाने आणि नम्रपणे यावे, अशी कृपा कर. आमेन.