वांग्यातली अळी आणि हिंसेचा वाटा

जुलै सरता सरता वांग्याचं झाड गुडघ्याला लागतं आणि एका सकाळी पाच-सात शेंडे मान टाकून उभे दिसतात. पाणी कमी पडलेलं नसतं, मूळही कुजलेलं नसतं. शेंडा खुडून नखाने उभा चिरला की आत फिकट गुलाबी अळी वळवळताना सापडते. पुढे हीच अळी फळात शिरते. जाणकार सांगतात, असे शेंडे रोज खुडा आणि अळीसकट नष्ट करा. सल्ला अगदी बरोबर आहे. पण घरातलं झुरळसुद्धा कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडणारा माणूस अर्धा एकर घेऊन भाजीपाला करू लागला असेल, तर त्या सकाळी त्याच्यापुढे फार जुना प्रश्न उभा राहतो: जीव न घेता भाजी पिकते का?

सुरुवातीची वर्षं या बाबतीत जास्त कठोर असतात. पावसाळ्यात लव्हाळा कितीही उपटला तरी जमिनीतल्या गाठींतून पुन्हा फुटतो. थंडीत कोबीच्या पानांची चाळण होते, उन्हाळ्यात फुलकिड्यांनी मिरचीची पानं चुरडतात. जमिनीवर आधी वर्षानुवर्षं औषध मारलेलं असेल, तर मावा खाणारे ढालकिडे, क्रायसोपा असे मित्रकीटक तिथे पुन्हा वस्तीला यायला वेळ लागतो. तोवर ते काम माणसाच्या बोटांना करावं लागतं.

महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला जीव न घेता शेती होत नाही, हेच ऐकवतो. शेतीला लोक चांगली म्हणतात, पण नांगर जमिनीतले कितीतरी जीव मारतो, असं त्याचं म्हणणं आहे. बोलणारा स्वतः मांस विकणारा आहे, हे महत्त्वाचं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायातही निरीक्षण तेच आहे: लोखंडी तोंडाचं लाकूड भूमीला आणि तिच्यातल्या जीवांना इजा करतं. निष्कर्ष मात्र वेगळा निघतो. तिथे शेती हा सज्जनांनी निंदिलेला धंदा ठरतो. व्याध खाणाऱ्या-पिकवणाऱ्या सगळ्यांना एकाच पंगतीत बसवतो; मनुस्मृती फक्त नांगर धरणाऱ्याकडे बोट दाखवते. यात व्याधाचं म्हणणं अधिक खरं आहे. धान्य जेवायचं आणि नांगरणाऱ्याला कमी लेखायचं, हा हिशेब न्यायाचा नाही.

बौद्ध विनयातही भिक्खूने जमीन खणू नये, वनस्पती तोडू नये असे नियम आहेत. मनाच्या शिस्तीसाठी ते मोलाचेच आहेत. तरी भिक्षापात्रात पडणारा भात कुणीतरी चिखलात उतरून लावलेला असतो. पिकवणाऱ्याला ही सोय नाही.

या कोंडीचा सर्वांत बारकाईने विचार जैनांनी केला, असं म्हणावं लागेल. गृहस्थाच्या हिंसेचे त्यांनी चार प्रकार केले: ठरवून केलेली संकल्पी, घरकामात घडणारी आरंभी, उपजीविकेत होणारी उद्योगी आणि संरक्षणासाठीची विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्णपणे सोडायची. बाकीची जितकी टाळता येईल तितकी टाळायची. श्रावकाने वर्ज्य मानायच्या धंद्यांच्या यादीत जमीन फोडण्याचं कामही येतं, आणि ऋषभदेवांनी माणसाला असि, मसी, कृषी (शस्त्र, लेखन, शेती) शिकवली असंही हीच परंपरा सांगते. शिरोळ-हातकणंगल्यापासून बेळगावपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी हजारो जैन कुटुंबं हा ताण घेऊनच जगत आली आहेत.

आता पुन्हा त्या वांग्याकडे पाहू. नांगराच्या फाळाखाली नकळत सापडलेलं गांडूळ उद्योगी हिंसेत येतं, यात शंका नाही. पण शेंडा चिरून, अळी डोळ्यांनी पाहून चिरडणं कशात धरायचं? पीक राखायचं म्हणून ती विरोधी. पण पाहून, ठरवून केली म्हणून संकल्पीच्या अगदी उंबऱ्यावरची. ट्रायकोकार्ड लावलं तर बोटं स्वच्छ राहतात. त्या कार्डातून निघणारे बारीक गांधीलवर्गी कीटक पतंगाच्या अंड्यांत आपली अंडी घालतात आणि अळी जन्मतच नाही. तरी ती हिंसा टळली असं म्हणता येत नाही; ती दुसऱ्याच्या हाती सोपवली, इतकंच. निंबोळी अर्काने अळीचं खाणं आणि वाढ थांबते, म्हणजे तीही मरतेच. फवारणीत तर काय काय मेलं हे कळतही नाही; अळीबरोबर ढालकिडाही जातो आणि पुढच्या खेपेला मावा दुपटीने येतो. म्हणून हाताने अळी वेचणाऱ्याची हिंसा दिसायला क्रूर असली, तरी तिला माप आहे. ती किती झाली, हे करणाऱ्याला ठाऊक असतं.

गांधीजींनी हा प्रश्न झाकला नाही. 1928 मध्ये साबरमती आश्रमातल्या असाध्य वेदनांनी तडफडणाऱ्या वासराला इंजेक्शन देऊन मरण दिलं गेलं. त्यावरच्या लेखात त्यांनी पिकांची नासधूस करणाऱ्या माकडांचाही विषय काढला. वासराचं मरण त्याच्या सुटकेसाठी होतं, माकडाचं मरण माणसाच्या ताटासाठी असेल, हा फरक त्यांनी स्वतःच मांडला. शेती करायची तर काही हिंसा अटळ आहे, हे त्यांनी मान्य केलं. तिला धर्म म्हणायला मात्र ते तयार नव्हते.

विनोबांनी पवनारला दुसरं टोक धरलं. 1950 च्या सुमारास परंधाम आश्रमात त्यांनी कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशापासून मुक्तीचा, प्रयोग मांडला: बाजारातून भाजी आणायची नाही, बैल जुंपायचा नाही, हाताच्या अवजारांनी शेती करायची. रहाट माणसांनी ओढला, विनोबांनीही ओढला. त्यांनी या पद्धतीला ऋषिशेती म्हटलं. तिने किडीचा प्रश्न सोडवला नाही. बैलाच्या मानेवरचा भार मात्र माणसाने स्वतःच्या अंगावर घेतला.

मंडईतलं गिऱ्हाईक या सगळ्यातून सहज सुटतं. कांदेनवमीला कांदा-वांग्याची चंगळ करून चार महिने वांगं वर्ज्य करणारी श्रद्धाळू घरं आजही पुष्कळ आहेत. त्याच घरांत एरवी वांगं फिरवून फिरवून पाहिलं जातं आणि टाचणीएवढं छिद्र दिसलं की बाजूला टाकलं जातं. डाग नसलेल्या मालालाच भाव मिळतो, म्हणून शेतकरी तोडणीच्या तोंडावरही पंप पाठीला लावतो. त्या फवाऱ्यात मेलेल्या जिवांचा एक वाटा वांगं निवडणाऱ्याच्या पिशवीतही जातो, आणि तो वाटा कुठल्याच व्रतात मोजला जात नाही.