नावे आणि संख्या
एन्नोरच्या धुरकट किनाऱ्यावरून मद्रास ओलांडून मी नंदंबाक्कमला गेलो. १९५२ साली उभारलेल्या तेथील युद्ध-दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील साडेआठशेंहून अधिक सैनिक विसावले आहेत. निगराणीतली हिरवळ, शिळांच्या रांगा. काहींवर कुटुंबीयांनी निवडलेली एखादी ओळ. मन हेलावले, तरीही हात कॅमेऱ्याकडे गेलाच! तेव्हा बसरा आठवले. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात आपल्या मराठा पलटणीही लढल्या. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या. ही विषमता राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये, शतकानंतर, मान्य केली. मग माझे हेलावणे कोणासाठी होते? मृतांसाठी, की रेखीव शिळांसाठी? संख्येपुढे ते तितकेच हेलावले असते, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.