त्याचं वेगळं ताट

दशलक्षण पर्वात नणंदेचा मुलगा आमच्याकडे राहायला आला होता. जेवायला बसताना त्यानं पिशवीतून स्वतःचं ताट, पेला काढला. "मामी, माझं मी धुतो."

कॉलेजात असताना चौघं मित्र एकाच सुईनं नशा टोचून घ्यायचे. एचआयव्ही तिथूनच आला. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. ताटापेल्यातून हा विषाणू पसरत नाही, हे मला माहीत होतं. तरी "ठेव रे ते पिशवीत" असं मी म्हटलं नाही. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. माझं काम त्यानंच करून टाकलं होतं.

'रत्नकरंड श्रावकाचारा'त सम्यग्दर्शनाची आठ अंगं सांगितली आहेत. त्यातल्या निर्विचिकित्सेसाठी उद्दायन राजाची कथा मी पाठशाळेत कितीदा सांगितली असेल! रोगी मुनींची राजानं किळस केली नाही. पण ती दुसऱ्याच्या देहाची गोष्ट. ज्याला स्वतःचीच किळस येते त्यानं काय करायचं?

"माझं कर्म आहे, भोगायलाच हवं," तो म्हणाला. म्हणून गोळ्या मध्येच सोडलेल्या. सरकारी केंद्रात २००४ पासून त्या फुकट मिळतात. रोज नेमानं घेतल्या तर रक्तातला विषाणू तपासणीतही सापडेनासा होतो, मग शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याला लागत नाही. पण रांगेत ओळखीचं कुणी भेटलं तर? आणि आपल्यासारख्यानं बरं तरी कशाला व्हायचं?

हे त्याला कुणी शिकवलं? आपणच की! कर्मबंध सांगितला, निर्जरा सांगायची राहिली. कर्म आत्म्याला चिकटतं, ते आत्मा नव्हे, हेही राहिलं. व्यसन वाईटच, त्यात मी सूट देत नाही. पण जो स्वतःला टाकून द्यायच्या लायकीचा समजतो, तो व्यसन कुणासाठी सोडणार? आठ अंगांत उपगूहनही आहे, दोष झाकणं. आम्ही झाकलं ते घराण्याच्या नावासाठी. त्याच्यासाठी झाकलं असतं तर पुढचं अंगही आठवलं असतं: स्थितिकरण, घसरलेल्याला हात देऊन उभं करणं.

क्षमावाणीच्या दिवशी तो पाया पडायला वाकला. मीच आधी हात जोडले.

"मामी, तुम्ही कशाबद्दल?"

"त्या ताटाबद्दल."

तो काही बोलला नाही. दुपारी आमच्या ताटात जेवला. पेला मात्र पिशवीतलाच घेतला. सोमवारी केंद्रात जायचं ठरलंय, रांगेत मीही उभी राहणार आहे.