साडेचारशे संशयित

कर्करोगाच्या गाठीतला डीएनए वाचणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते वाचलेल्यातलं काय सोडून द्यायचं हे ठरवणं. 2013 मध्ये संशोधकांनी फुप्फुसाच्या एका कर्करोगाच्या 178 रुग्णांची माहिती रूढ पद्धतीनं तपासली, तेव्हा 450 जनुकं दोषी ठरली. त्यांत गंध ओळखणारी पुष्कळ जनुकं होती. अशा विश्लेषणांत स्नायूतल्या टायटिन या अवाढव्य प्रथिनाचं जनुकही हटकून वर येई. नाकातल्या जनुकांचा फुप्फुसाच्या गाठीशी काय संबंध? काहीच नाही. टायटिनचं जनुक इतकं लांबलचक, की निव्वळ योगायोगानंही त्यात बिघाड सापडणारच. आणि पेशीत जे जनुक वापरात नसतं, ज्याची नक्कल उशिरा होते, तिथं चुका मुळातच जास्त साचतात. हा फरक हिशेबात धरल्यावर यादीत उरली 11 जनुकं. योगायोगानं किती बिघाड झाले असते याचा अंदाज बांधणं, हेच मला कर्करोगाच्या जनुकशास्त्रातलं संगणकाचं मुख्य काम वाटतं. तो अंदाज परक्या लोकसंख्येवरून बांधूनही भागत नाही. गाठीतला फरक रोगानं आणला की जन्मजात आहे, हे ठरवायला आपल्याच लोकांचे निरोगी नमुने लागतात. खारघरच्या टाटा मेमोरियल केंद्रातल्या संशोधकांनी 62 भारतीय रुग्णांच्या अशा नमुन्यांवरून 2016 मध्ये जन्मजात फरकांचा कोश केला तो याचसाठी.

कुणी म्हणेल, रक्ताच्या एका कर्करोगावरचं इमॅटिनिब अशा आकडेमोडीविनाच सापडलं. 1960 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या एका तुटक्या गुणसूत्रापासून तो माग निघाला. खरं आहे, पण तिथं मुख्य गुन्हेगार एकच होता. 2020 मध्ये 2,658 गाठींचे संपूर्ण जनुकसंच तपासले गेले, तेव्हा प्रत्येकीत सरासरी चार-पाच कारक बिघाड निघाले, आणि सुमारे पाच टक्के गाठींत एकही नाही. याहून वजनदार आक्षेप असा, की योगायोगाचा अंदाजही शेवटी गृहीतकांवर उभा असतो. नॉच-1 जनुकाचे बिघाड योगायोगापेक्षा कितीतरी जास्त आढळतात. पण 2018 मधल्या एका अभ्यासात दिसलं, की मध्यमवयीन माणसांच्या निरोगी अन्ननलिकेत ते तिथल्या कर्करोगापेक्षाही अधिक असतात. म्हणजे गणितानं पेशींचा एक यशस्वी वंश बरोबर हेरला. त्याला रोगाचं कारण आपण ठरवलं. त्यामुळे आणखी हजारो गाठी वाचण्याआधी वयानुसार निरोगी ऊतींत काय साचतं, ते मोजायला हवं. अडचण एवढीच, की धडधाकट माणूस आपल्या अन्ननलिकेचा तुकडा कशाला देईल? त्या अभ्यासातले नमुने मृत अवयवदात्यांचे होते, आणि दाते होते अवघे नऊ.